युद्धाचे न मांडलेले देणे

३१ मे २०२० रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आयरीन ट्रिप्लेट नावाच्या नव्वद वर्षांच्या एका वृद्धेचे निधन झाले. तिच्या निधनाची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी छापली, त्याचे कारण तिचे काही कर्तृत्व नव्हते. तिला दरमहा मिळणारे ७३ डॉलर १३ सेंटचे निवृत्तिवेतन हे ते कारण होते. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या एका सैनिकाची अपंग कन्या म्हणून ते तिला मिळत असे. ते युद्ध १८६५ साली संपले. म्हणजे तोफा थंडावल्यानंतर १५५ वर्षे त्या युद्धाच्या खाती सरकारी तिजोरीतून पैसा जातच होता.

सार्वजनिक आयव्ययाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत युद्धाचा खर्च म्हणजे विमाने, रणगाडे, दारूगोळा आणि सैनिकांचे वेतन असाच सामान्यतः धरलेला असतो. वस्तुतः तो पहिला हप्ता असतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या लिंडा बिल्म्स यांनी जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या सहकार्याने २००८ साली इराक युद्धाच्या खर्चाचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यात माजी सैनिकांच्या देण्याला मोठे स्थान होते. बिल्म्स यांनी पुढे आणलेली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांना द्याव्या लागलेल्या अपंगत्व-भरपाईची रक्कम सर्वांत मोठी झाली ती १९६९ साली, अर्थात युद्धविरामानंतर अर्धशतकाने! दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तो कळस १९८० नंतरच्या दशकात गाठला गेला. युद्ध पुकारणारे एक, आणि त्याचे देणे फेडणारे त्यांचे नातू-पणतू, असा हा व्यवहार आहे.

हे झाले नोंद असलेल्या देण्याविषयी. तुटलेला पाय दिसतो, त्याची टक्केवारी ठरते, त्याला कोष्टकात जागा मिळते. परंतु जी जखम दिसत नाही, तिच्यासाठी खतावणीत पान कोणी उघडायचे? अमेरिकेत ते पान उघडले गेले, त्याला उणीपुरी पंधरा वर्षे लागली, आणि ते काम प्रामुख्याने काही मनोविकारतज्ज्ञांनी, समाजसेविकांनी व खुद्द माजी सैनिकांनी केले. त्यांपैकी डॉ. आर्थर ब्लँक यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेतला असता या प्रश्नाचे मर्म चांगले ध्यानात येते.

पुढे ढकललेले कर्ज

ब्लँक १९६५-६६ या काळात लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून व्हिएतनाममध्ये होते. त्या युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत लष्करी वैद्यकखाते समाधानात होते. मानसिकदृष्ट्या कोसळणाऱ्या सैनिकांचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धाच्या व कोरियाच्या मानाने पुष्कळच कमी दिसत होते. याचे श्रेय आघाडीजवळच तत्काळ उपचार करण्याच्या पद्धतीला आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीला देण्यात येई. सैनिकाला साधारणतः बारा महिने झाले की मायदेशी परतता येत असे. आपल्या सुटकेची तारीख प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून पाठ असे.

तथापि या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. सैनिक एकेकटा जाई आणि एकेकटाच परते. बरोबरच्या तुकडीशी जडलेले नाते त्या तारखेला तुटे. पूर्वीच्या युद्धांत जहाजाने परतताना आठवडेच्या आठवडे सोबत्यांशी बोलण्यात जात. आता जेट विमानाने तो एकदोन दिवसांत रानातून आपल्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचू लागला. स्वागत करणारे थोडे, आणि युद्धाचीच लाज वाटणारे पुष्कळ, अशी देशाची तेव्हाची मनःस्थिती होती. बारा महिने जे दाबून धरले ते घरी आल्यावर, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, वर येऊ लागले. झोप न लागणे, तीच तीच स्वप्ने, फटाक्याच्या आवाजाने जमिनीवर पालथे पडणे, दारू, संताप, मोडलेले संसार. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर युद्धकाळातील ती शिल्लक खरी शिल्लक नव्हतीच. ते पुढे ढकललेले कर्ज होते, आणि त्यावर व्याज चढत होते.

नाव नसलेला रोग

मायदेशी परतल्यावर ब्लँक यांनी येल विद्यापीठात आणि कनेक्टिकटमधील वेस्ट हेवन येथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम केले. त्या काळी या रुग्णालयांत येणाऱ्या व्हिएतनामच्या सैनिकांची गत काय होती? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९५२ सालच्या अधिकृत रोगसूचीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेची नोंद होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गाळण्यात आली. व्हिएतनाममध्ये युद्ध ऐन भरात असताना युद्धाने होणारा मनोविकार सूचीतून नाहीसा व्हावा, हा विचित्र योगायोग म्हणावा लागेल. परिणाम असा झाला की रुग्ण येई, पण त्याच्या रोगाला कागदावर नाव नसे. मग छिन्नमनस्कता, व्यक्तिमत्त्वदोष, मद्यासक्ती अशी जी नावे उपलब्ध होती ती त्याला चिकटवली जात. विकार सेवेमुळे झाला असे ठरत नसल्यामुळे भरपाईचा प्रश्नही परस्पर निकालात निघे.

बॉस्टनच्या अशाच एका रुग्णालयात सेरा हेली नावाच्या समाजसेविका १९६९ साली रुजू झाल्या. आपल्या तुकडीने गावकऱ्यांची हत्या केल्याचे सांगणारा एक भयभीत सैनिक त्यांच्यापुढे आला. तेथील वैद्यकवर्गाने त्याचे निदान संशयी छिन्नमनस्कता असे केले; त्याने सांगितलेली हकीगत खरी असू शकेल, हे कोणी ध्यानातच घेतले नाही. हेली यांनी मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि अशा कथा सांगणाऱ्या रुग्णाशी कसे वागावे यावर १९७४ साली लिहिलेला त्यांचा निबंध पुढे पायाभूत मानला गेला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून रॉबर्ट जे लिफ्टन व खाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ युद्धविरोधी माजी सैनिकांच्या चर्चागटांत बसू लागले होते. तेथे डॉक्टर आणि रुग्ण अशी उतरंड नव्हती. सैनिक आपापसांत बोलत आणि डॉक्टर ऐकत. या सर्वांच्या खटपटीने १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकृती हे निदान समाविष्ट झाले, आणि ते केवळ सैनिकांपुरते न राहता बलात्कार, भूकंप, अपघात यांतून वाचलेल्यांनाही लागू झाले.

ब्लँक यांनी या संदर्भात एक मूलगामी गोष्ट मांडली. १९८५ साली दोन सहकाऱ्यांबरोबर संपादित केलेल्या व्हिएतनामच्या सैनिकांविषयीच्या ग्रंथात त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंकडे बोट दाखवले. रुग्ण सांगत नाही म्हणून रोग कळत नाही, अशी तक्रार वैद्यक करतात. पण वैद्यकालाच ते ऐकायचे नसते. देशाला जसे ते युद्ध विसरायचे होते तसेच त्याच्या डॉक्टरांनाही. म्हणून रुग्णाच्या बालपणाची बारकाईने चौकशी करणारा डॉक्टर, तो कोठे लढला आणि त्याने काय पाहिले, एवढे विचारण्याचे टाळी. अज्ञान हे येथे माहितीच्या अभावाने आलेले नव्हते. ते सोयीचे होते म्हणून टिकले होते.

रस्त्यावरचे दुकान

नाव मिळाले तरी दार कोठे होते? व्हिएतनामच्या सैनिकांना सरकारी रुग्णालयाची उंच इमारत, गणवेशधारी पहारेकरी, अर्ज आणि रांगा यांची धास्ती होती. सरकारवरचा विश्वास तर उडालेलाच होता. त्यांच्यासाठी स्वतंत्र समुपदेशन सेवा असावी असा प्रयत्न सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन १९७१ पासून करीत होते. वरिष्ठ सभागृहाची मान्यता मिळे, पण प्रतिनिधिगृहात प्रस्ताव अडे. अखेर जून १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. तेव्हा माजी सैनिक प्रशासनाच्या प्रमुखपदी मॅक्स क्लेलँड होते. व्हिएतनाममध्ये १९६८ साली त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला होता.

या कायद्यान्वये निघालेली केंद्रे व्हेट सेंटर या नावाने ओळखली जातात. आरंभी ९१ केंद्रे उघडण्यात आली. त्यांची रचना मुद्दाम रुग्णालयाहून वेगळी ठेवली होती. केंद्र असे ते वस्तीतल्या रस्त्यावर, साध्या दुकानवजा जागेत. पांढरा डगला नाही, फारसे फॉर्म नाहीत. समुपदेशकांत माजी सैनिकांचा भरणा मोठा. तेथील नोंदी रुग्णालयाच्या दप्तरापासून अलग ठेवल्या जात, जेणेकरून बोलणाऱ्याला आपले बोलणे आपल्यावर उलटेल अशी भीती वाटू नये. पत्नी आणि मुले यांनाही आत प्रवेश होता.

ही योजना तात्पुरती समजली गेली होती, आणि १९८१ साली रेगन यांच्या प्रशासनाने काटकसरीच्या मोहिमेत ती गुंडाळण्याचेच घाटले होते. संसदेने व सैनिकांच्या संघटनांनी ती वाचवली. अशा डळमळीत स्थितीत १९८२ साली ब्लँक या सेवेचे राष्ट्रीय संचालक झाले आणि १९९४ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे, त्या पदावर राहिले. मानसोपचाराच्या क्षेत्रातील कीर्ती सामान्यतः एखाद्या सिद्धान्ताने वा ग्रंथाने मिळते. ब्लँक यांचे प्रमुख कार्य मात्र प्रशासकीय होते: दर वर्षी अर्थसंकल्पात ती तरतूद टिकवणे, रुग्णालयांच्या पोटात केंद्रे विलीन होऊ न देणे, आणि डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांचा मान राखणे. १९९१ साली आखाती युद्धानंतर या केंद्रांचे दार नंतरच्या संघर्षांतील सैनिकांनाही खुले झाले, आणि १९९६ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या व कोरियाच्या वृद्ध सैनिकांनाही. पन्नास वर्षे गप्प राहिलेली माणसे नातवंडांच्या वयाच्या समुपदेशकांपुढे बोलू लागली. आज अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत. काटकसरीचे पहिले लक्ष्य ठरलेल्या योजनेचे हे दीर्घायुष्य लक्षणीय होय.

मोजणीचे सामर्थ्य

या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. किती सैनिकांना हा विकार आहे याविषयी तोवर केवळ अंदाज होते. कोणी मूठभर म्हणे, कोणी लाखो. १९८३ साली अमेरिकी संसदेने कायद्यानेच राष्ट्रव्यापी पाहणी करण्याचा आदेश दिला. १९८८ साली तिचे निष्कर्ष हाती आले. व्हिएतनामच्या रणक्षेत्रात गेलेल्या पुरुष सैनिकांपैकी १५.२ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ७९ हजार जण, युद्ध संपून दशक उलटल्यावरही आघातोत्तर ताणविकृतीने ग्रस्त होते. स्त्रियांत, ज्यांत परिचारिकांची संख्या मोठी होती, हे प्रमाण ८.५ टक्के होते. आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे तीस टक्के निघाले.

या आकड्यांनी वाद मिटला नाही, पण त्याची पातळी बदलली. १९८९ साली या विकाराच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले कार्यकारी संचालक डॉ. मॅथ्यू फ्रीडमन हे मनोविकारतज्ज्ञ २०१३ पर्यंत त्या पदावर होते. ब्लँक यांनी दार उघडे ठेवले, तर फ्रीडमन यांच्या केंद्राने आत आलेल्याला नेमका कोणता उपचार लागू पडतो याचा शास्त्रशुद्ध शोध घेतला, असे थोडक्यात म्हणता येईल. आघाताच्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकवणाऱ्या ज्या उपचारपद्धती आज प्रमाण मानल्या जातात, त्या तपासण्यात व देशभरच्या रुग्णालयांत पोहोचवण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. रोगाला पैसा जोडला की रोगी वाढतात. ज्याला विकाराबद्दल भत्ता मिळतो त्याला बरे होण्यात रस राहत नाही, असे म्हटले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप झटकून टाकू नये. प्रोत्साहनाचा माणसाच्या वर्तनावर परिणाम होतो, हे आमच्या शास्त्राचे पहिले सूत्र आहे, आणि खोटे दावे कोठेही होऊ शकतात. परंतु तेच सूत्र दुसऱ्या बाजूलाही लावले पाहिजे. रोग न दिसण्यात राज्याचाही आर्थिक लाभ असतो. निदान झाले की देणे उत्पन्न होते; न झाल्यास ते देणे राज्याच्या तिजोरीतून निघून सैनिकाच्या बायकोच्या, म्हाताऱ्या आईबापांच्या आणि शेवटी तुरुंगाच्या वा धर्मशाळेच्या खाती जाते. खर्च वाचत नाही; तो सोसणारे बदलतात. एका बाजूचा स्वार्थ संशयास्पद आणि दुसऱ्या बाजूचा अदृश्य, हा न्याय नव्हे.

आकडा सांगावा की झाकावा?

हा संघर्ष मनोविकारतज्ज्ञाच्या खुर्चीत कसा उतरतो, याचे उदाहरण २००८ साली पाहावयास मिळाले. तेव्हा या विभागाच्या मानसिक आरोग्य सेवेची धुरा डॉ. आयरा कॅट्झ यांच्याकडे होती. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांमुळे सेवांवर मोठा ताण आलेला होता. त्यांच्या कारकिर्दीत रुग्णालयांत आत्महत्या-प्रतिबंधक समन्वयक नेमले गेले आणि २००७ मध्ये संकटसमयी बोलण्यासाठी अहोरात्र दूरध्वनी सेवा सुरू झाली. असे असूनही एका न्यायालयीन दाव्याच्या ओघात त्यांचे अंतर्गत संदेश उघड झाले. विभागाच्या रुग्णालयांत येणाऱ्या सैनिकांत महिन्याला सुमारे १,००० आत्महत्येचे प्रयत्न नोंदले जात असल्याचे त्यांनी सहकाऱ्याला कळवले होते, आणि कोणाच्या हाती लागण्यापूर्वी हे आपणच बेताने जाहीर करावे काय, अशी पृच्छा केली होती. वृत्तसंस्थेला यापूर्वी दिलेला आकडा याहून कितीतरी लहान होता. कॅट्झ यांना संसदीय समितीपुढे जाब द्यावा लागला.

या प्रकरणाकडे केवळ एका अधिकाऱ्याचे स्खलन म्हणून पाहणे सोपे आहे. मला त्यातील विरोधाभास अधिक महत्त्वाचा वाटतो. तो आकडा समोर आला तो नव्याने नेमलेल्या समन्वयकांमुळेच. ज्या यंत्रणेने मोजायला आरंभ केला, तीच मोजलेल्याने घाबरली. सहा वर्षांनी, २०१४ साली, फीनिक्सच्या रुग्णालयात भेटीच्या प्रतीक्षेचा काळ कमी दिसावा म्हणून नोंदींत फेरफार केल्याचे उघडकीस आले आणि विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पदत्याग करावा लागला. शिन्सेकी स्वतः व्हिएतनाममध्ये जायबंदी झालेले सैनिक होते. उत्तम हेतू आणि स्वतःचा अनुभव असला तरी, ज्या यंत्रणेत चांगल्या आकड्याला बक्षीस असते तेथे आकडे चांगले होतात. माणसे होतीलच असे नाही.

आजही अमेरिकेत दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फेरपाहणीनुसार, युद्धानंतर चाळीस वर्षांनीही व्हिएतनामचे सुमारे २ लाख ७१ हजार सैनिक या विकाराने पूर्णतः वा अंशतः ग्रस्त होते. यावरून ब्लँक आणि फ्रीडमन यांची कारकीर्द विफल झाली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. किंबहुना असा आकडा आपल्यापुढे आहे, हेच त्यांच्या कार्याचे फलित आहे. त्याच युद्धात ज्या व्हिएतनामी शेतकऱ्यांची घरे जळाली, ज्यांची मुले डोळ्यांदेखत गेली, त्यांच्या मनाचा हिशेब अशा तपशिलाने मांडणारे, दर वर्षी अर्थसंकल्पात तरतूद मागणारे कार्यालय कोठे आहे? तराजूचे ते पारडे रिकामे दिसते, त्याचे कारण तेथे वजन नव्हते हे नव्हे.

म्हणून युद्धाचा निर्णय घेताना त्याच्या खर्चाचे जे टिपण मंत्रिमंडळापुढे येते, त्यात पन्नास वर्षांनंतरचे हे देणेही अंदाजाने का होईना मांडले जावे, ही बिल्म्स यांच्यासारख्यांची मागणी रास्त आहे. तसे झाल्यास काही युद्धे टळतील, अशी भाबडी आशा मी बाळगत नाही. पण निदान देणे आपल्या नावावर आहे हे कबूल केल्यासारखे होईल.

हा सारा वृत्तान्त दूरदेशीचा खरा. तरी आपल्याकडे साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत अशी कितीतरी गावे आहेत, जेथे घराआड एक फौजी आहे. तेथील शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला, तहसील कचेरीत अर्ज घेणाऱ्या कारकुनाला, सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्याला असा एखादा निवृत्त सुभेदार ठाऊक असतो, जो चारचौघांत बसत नाही, रात्री ओसरीवर फेऱ्या घालतो, आणि ज्याच्याविषयी गाव ‘स्वभावच तसा’ एवढेच बोलते. ब्लँक यांच्या बारा वर्षांच्या कार्याचा आरंभ एका साध्या प्रश्नापासून होतो: तुम्ही कोठे होता, आणि तेथे काय पाहिलेत? तो विचारायला पदवी लागत नाही. मात्र विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत बसून राहण्याची तयारी लागते.